फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या विधेयकासाठी महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले अठ्ठेचाळीस आणि राज्यसभेवर गेलेले एकोणीस सन्माननीय सदस्य,
संसद भवन, नवी दिल्ली.

विषय : देशभरातून फाशीची शिक्षा रद्द करणारे विधेयक मांडण्याबाबत व त्यास पाठिंबा देण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार. गेली सव्वीस वर्षे मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूने वकिली करीत आहे. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरचा वकील म्हणून, म्हणजे ज्यांना पदरच्या पैशाने वकील करता येत नाही अशा आरोपींची बाजू मांडण्यात गेली आहेत. आपल्यापैकी एखाद्याने फाशीची शिक्षा देशभरातून रद्द करणारे विधेयक संसदेत मांडावे आणि इतरांनी पक्ष बाजूला ठेवून त्याला पाठिंबा द्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फाशीला विरोध करणारा माणूस खुन्याची कड घेतो, असा आपल्याकडे एक सरधोपट समज आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो की ज्यांचा मी बचाव केला त्यांतल्या काहींची कृत्ये आठवली की आजही मला घास जात नाही. त्यांना क्षमा करावी असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे त्याहून पुष्कळ रुक्ष आहे. फाशी कोर्टातल्या कागदांवरून दिली जाते, आणि ते कागद कसे तयार होतात हे मी रोज पाहतो.

एक प्रसंग सांगतो, ज्यात चूक माझीच होती. खुनाच्या एका खटल्यात सकाळी अकराच्या सुमारास न्यायाधीशांनी माझ्या अशिलाला दोषी ठरवले. कायद्यानुसार त्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. न्यायाधीशांनी विचारले, "शिक्षेबाबत तुला काही सांगायचे आहे का?" तो पिंजऱ्याचा गज धरून उभा होता आणि आपल्याला काय विचारले जात आहे हे त्याला नीटसे कळलेही नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि रोजनाम्यात नोंद झाली ती एवढीच : आरोपी गरीब आहे, घरी म्हातारी आई व दोन लहान मुले आहेत, दया करावी. हीच ओळ मी कितीतरी रोजनाम्यांत वाचली आहे. नावे बदलतात, ओळ तीच राहते. मी पुढची तारीख मागायला हवी होती, ती मागितली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षा सुनावली गेली : मरेपर्यंत फाशी. संध्याकाळी व्हरांड्यातल्या बाकावर त्याची आई भेटली आणि बोलता बोलता तिच्याकडून कळले की तो लहानपणी झाडावरून डोक्यावर पडला होता, तेव्हापासून त्याला फिट येत, आणि तालुक्याच्या दवाखान्याचे केसपेपर घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. खटला दोन वर्षे चालला होता आणि त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही काही विचारले नव्हते. पुढे उच्च न्यायालयात दुसऱ्या वकिलाने ते केसपेपर दाखल केले, इतर गोष्टींबरोबर त्यांचाही विचार झाला आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. एखाद्या पावसाळ्यात ती पेटी गळली असती तर काय झाले असते, याचा विचार मी सहसा करीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अशा चुकांची दखल घेतलेली नाही, असे नाही. २०२२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात त्या न्यायालयाने सांगितले की फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीची मानसिक स्थिती, त्याची कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयाने मागवून घेतली पाहिजे. त्याच वर्षी, दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवरील म्हणण्यासाठी आरोपीला किती वेळ मिळायला हवा, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. हे चांगलेच झाले. मात्र 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच फाशी द्यावी आणि ती देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करावा, ही कसोटी घालून देणारा बचनसिंग खटल्याचा निकाल १९८० सालचा आहे. गुन्हेगाराचा विचार करायचा म्हणजे नेमके कोणते कागद समोर ठेवायचे, हे सांगायला मध्ये बेचाळीस वर्षे गेली, आणि त्या बेचाळीस वर्षांत लोक फासावर गेले.

आता आपल्याच राज्यातली दोन प्रकरणे पाहू. पहिले नाशिक परिसरातले आहे. २००३ साली तेथे दरोडा, खून आणि बलात्काराचा अत्यंत अमानुष गुन्हा घडला आणि भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशी ठरवली. पुढे फेरविचारात तेच प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. दरम्यान, त्यांच्यापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही निष्पन्न झाले होते.

या प्रकरणातला एक कागद मला विसरता येत नाही. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने गुन्ह्यानंतर दोनच दिवसांत पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. ही ओळख कागदावर होती, तरी त्या चौघांचा तपासच झाला नाही. तीन न्यायालयांतून ते कागद सरकत गेले, सहा जणांच्या गळ्याभोवती दोर आला, आणि अल्बममधल्या त्या चार छायाचित्रांकडे सोळा वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. अखेर न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, चुकीचा तपास करणाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले, आणि आरोपी भटक्या जमातीतले गरीब मजूर असल्यामुळे त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही नमूद केले. एक सांगायचे राहिले. २००९ सालच्या निकालानंतर यंत्रणा जरा तत्परतेने हलली असती, तर २०१९ साली निर्दोष सोडायला कोणी उरले नसते.

दुसरे प्रकरण पुण्याचे. १९९४ साली तेथे झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात एका तरुण कामगाराला फाशी झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याचे खरे वय सांगणारी नोंद राजस्थानातील एका शाळेच्या दाखलवहीत होती, पण वहीतले नाव निराळे होते आणि खटल्यातले नाव निराळे. ती दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडला, आणि तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा वर्षांचे पोर म्हणजे सातवीतले. कोणत्याही कायद्याने त्याला फाशी देता येत नव्हती, तरी ती देऊन झाली होती. फक्त दोर ओढायचा राहिला होता. अठ्ठावीस वर्षांनी तो बाहेर आला.

अशी प्रकरणे अपवादात्मक आहेत असे आपल्याला कोणी सांगेल. विधी आयोगाने २०१५ साली दिलेल्या २६२व्या अहवालातील आणि त्यानंतरच्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे एकमेकांशी जुळतात, आणि ते सांगतात की या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सत्र न्यायालयांनी दिलेल्या दर शंभर फाशींपैकी अखेरपर्यंत टिकल्या त्या जेमतेम चार-पाच. तिसांच्या आसपास लोक वरच्या न्यायालयांत निर्दोष सुटले. बाकीच्यांची शिक्षा कमी झाली. एखाद्या पुलाचे गणित शंभरातून पंच्याण्णव वेळा वरच्या अभियंत्याने दुरुस्त केले, तर त्या पुलावरून आपण गाडी नेणार नाही. 'वरची न्यायालये आहेत ना चुका सुधारायला' हा युक्तिवाद मी स्वतः अशिलांच्या नातेवाइकांना धीर देण्यासाठी वापरतो, पण तो धीर देण्यापुरताच ठीक आहे. ज्यांना अपिलात चांगला वकील मिळाला नाही त्यांचे काय, याचे उत्तर त्यात नाही. त्या विद्यापीठाच्या अहवालानुसार फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आहेत. हे माझ्यासारख्याला वेगळे सांगायला नको. माझी डायरी उघडली तरी तेच दिसते.

कायद्याच्या तत्त्वातही तीच अनिश्चितता आहे. बचनसिंग निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले होते, त्याची सविस्तर कारणे १९८२ साली दिली होती, आणि ही शिक्षा कोणत्या न्यायमूर्तींसमोर प्रकरण जाते त्यावर ठरते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यांच्यासमोर पुरावाही ताजा होता. उत्तर प्रदेशातील एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी झाली होती. एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने कमी केली, दुसऱ्याचा अर्ज दुसऱ्या पीठाने फेटाळल्यामुळे ऑक्टोबर १९८१ मध्ये तो फासावर गेला, आणि तिसऱ्याला त्याच दिवशी फाशी द्यायची असताना तिला स्थगिती मिळाली व तो वाचला. तिघांचा गुन्हा एक आणि कागदही तेच होते.

याहून गंभीर उदाहरण १९९६ सालचे आहे. राजस्थानातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हेगार कोण आहे यापेक्षा गुन्हा कसा आहे हेच पाहायचे, असे मानून फाशी कायम केली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात ती अमलातही आली. २००९ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आढळले की तो निकाल बचनसिंग निकालाच्या विरुद्ध, म्हणजे बंधनकारक कायद्याकडे दुर्लक्ष करून दिलेला होता आणि त्याच्या आधारे पुढेही अनेकांना फाशी दिली गेली होती. बैल गेला अन् झोपा केला. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या आणि अजून जिवंत असलेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. पूर्वी न्यायदान केलेल्या माणसांनी न्यायालयाची चूक राष्ट्रपतींना कळवावी, यापेक्षा स्पष्ट कबुली आणखी कोणती असू शकते?

राहता राहिला दयेचा अर्ज. राष्ट्रपती व राज्यपालांना शिक्षा कमी करण्याचा अधिकार देणारे संविधानाचे अनुच्छेद ७२ व १६१ ही शेवटची चाळणी आहे असे आपण मानतो. प्रतिभाताई पाटील यांच्या कारकिर्दीत तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांच्यानंतर प्रणव मुखर्जी यांच्या काळात बहुतांश अर्ज फेटाळले गेले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे हा व्यक्तीचा दोष नव्हे. पण कैद्याच्या दृष्टीने पाहिले तर आपला अर्ज कोणत्या वर्षी टेबलावर पोहोचतो यावर त्याचा जीव अवलंबून राहिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये दिलेल्या एका फाशीची सूचना देणारे पत्र कैद्याच्या घरी पोहोचले ते फाशी होऊन गेल्यावर. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस गेले पाहिजेत.

मृतांच्या नातेवाइकांचे काय, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात अटक १९९६ साली झाली, सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांवर सरकारी पातळीवर झालेल्या विलंबामुळे ती जन्मठेपेत बदलली. ज्यांची लेकरे गेली त्या आईबापांना पंचवीस वर्षे दर टप्प्यावर वर्तमानपत्रातून तेच सगळे पुन्हा वाचावे लागले. सुरुवातीलाच जन्मठेप झाली असती तर हे प्रकरण त्यांच्यापुरते पंधरा-वीस वर्षे आधी मिटले असते. नाशिकच्या त्या स्त्रीचा विचार करा. तिने स्वतः चार जणांना ओळखले होते. सहा जणांना फाशी ठरवून यंत्रणेने तिला न्याय मिळाल्याचे सांगितले, आणि सोळा वर्षांनी कळले की तिच्या घरावर चालून आलेले कोण होते याचा शोध लागलेलाच नाही. फाशीच्या घोषणेने तपासातील भोक बुजवले जाते, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. निकालानंतर न्यायालयाबाहेर पेढे वाटले जातात, कॅमेरे निघून जातात, आणि ज्या घरात मयत झाली त्या घरातली बाई भरपाईच्या अर्जासोबत कोणते दाखले जोडायचे हे विचारत माझ्या टेबलाशी उभी राहते. तिच्यासाठी पीडितांना भरपाई देण्याच्या योजना आहेत, निधी वेळेवर मिळावा म्हणून सभागृहात उठणारे सदस्य मात्र थोडे.

जरब बसते या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली तेथील कित्येक दशकांचे संशोधन तपासून सांगितले की फाशीमुळे खून कमी होतात की वाढतात याबद्दल त्या संशोधनातून काहीच ठरवता येत नाही आणि धोरण ठरवताना त्याचा आधार घेऊ नये. आपल्याकडे ऑगस्ट २००४ ते नोव्हेंबर २०१२ या आठ वर्षांत एकही फाशी झाली नाही, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात खुनांची संख्या वाढली नाही. माझ्या अशिलांपैकी कोणीही कोयता उचलण्यापूर्वी कलमाचा विचार केला नव्हता. पकडले जाऊ असे वाटले असते तर त्यांतले काही जण थांबले असते, असे मला वाटते. पण त्यासाठी पोलीस ठाण्यांत माणसे आणि प्रयोगशाळांत वेळेवर होणारी तपासणी लागते, आणि त्याला पैसे पडतात. कायद्यात 'मृत्युदंड' हा शब्द घालायला पैसे पडत नाहीत.

म्हणूनच तो शब्द वाढत चालला आहे. २०१९ साली बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात तो आला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची व्याप्ती वाढली, आणि आपल्या विधिमंडळानेही २०२१ साली संमत केलेल्या शक्ती विधेयकात तो घातला होता, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. बालकांवरील अत्याचाराच्या खटल्यांत आरोपी बहुतेक वेळा काका, मामा, शेजारी असा ओळखीतला असतो. घरातल्या माणसाला फाशी होऊ शकते म्हटल्यावर मुलीची आजी जबाब फिरवते, आई गप्प बसते, आणि साक्षीदार फितूर झाल्याची नोंद होऊन आरोपी सुटतो. कडक शिक्षेने त्या मुलीचे असे नुकसान होते. हे मी बचावाच्या बाजूने बसून पाहिले आहे, आणि त्या सुटकांचा मला आनंद झालेला नाही.

विधी आयोगाने न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवादाशी संबंधित गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे अपवाद ठेवले. अशा गुन्ह्यांना वेगळे वागवण्यास दंडशास्त्राचा आधार नाही, असे त्याच अहवालात म्हटले आहे; अपवाद केला तो राष्ट्रीय सुरक्षेबद्दलच्या चिंतेपोटी. येथे माझे मत आयोगापेक्षा वेगळे आहे, आणि मला ठाऊक आहे की आपल्याला मते मागायला जायचे असल्याने हाच भाग सर्वांत अवघड वाटेल. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. पाचांपैकी एक जण त्याआधीच तुरुंगात मरण पावला होता. ज्या कबुलीजबाबांवर खटला उभा होता त्यांतील काही भाग एकसारखे असल्याकडे उच्च न्यायालयाने बोट दाखवले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि अंतिम निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. परंतु एवढे तर दिसतेच की लोकांचा संताप जिथे सर्वाधिक असतो, तिथे तपासावरचा दबावही सर्वाधिक असतो आणि कागद बिघडण्याची शक्यताही तिथेच सर्वाधिक असते. अपवाद ठेवायचाच तर तो याच्या उलट दिशेने ठेवावा लागेल.

कसाबचे काय, असे आपण विचाराल. त्याच्या बाबतीत कागद चुकीचे नव्हते, हे मी मान्य करतो. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा मलाही वाईट वाटले नाही. पण केवळ कसाबलाच लागू पडेल असा कायदा लिहिता येत नाही. जो कायदा त्याला लागू होतो तोच, त्याच शब्दांत, त्या सहा मजुरांना लागू झाला होता. येरवड्याच्या त्याच तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली गेली. त्यांच्याविरुद्धचे कागदही तेव्हाच्या न्यायालयांनी तपासून पक्के ठरवलेले होते.

संसदेला या विषयाची ओळख नाही असे नाही. १९३१ सालीच बिहारचे गयाप्रसाद सिंह यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात फाशी रद्द करण्याचा प्रस्ताव आणला होता. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली लोकसभेत विधेयक आले आणि फेटाळले गेले, १९५८ साली राज्यसभेत पृथ्वीराज कपूर यांनी ठराव मांडला व चर्चेनंतर मागे घेतला. १९६२ सालच्या लोकसभेतील ठरावानंतर विषय विधी आयोगाकडे गेला, आणि आयोगाने १९६७ साली फाशी ठेवावी असे सांगितले. त्याच आयोगाचे २०१५ साली मत बदलले, ते मधल्या अनुभवामुळे. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अधिकारांवर चर्चा सुरू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की फाशीविरुद्ध अपील कोठे करायचे याचा वाद घालण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. बाबासाहेबांचे नाव घेतल्याशिवाय आपल्यापैकी कोणाचे भाषण पूर्ण होत नाही, म्हणून ती तारीख येथे मुद्दाम लिहिली आहे. शेजारचे नेपाळ आणि भूतान या दोन्ही देशांनी ही शिक्षा कधीच काढून टाकली आहे.

विधेयकासाठी संविधानात दुरुस्ती लागत नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने साधा कायदा पुरेसा आहे. भारतीय न्याय संहितेत जेथे जेथे मृत्युदंड आहे तेथे जन्मठेप हीच कमाल शिक्षा ठरवावी, आणि सैन्यदलांचे कायदे, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थांचा कायदा यांसारख्या इतर सर्व कायद्यांना एकाच वरचढ कलमाने ते लागू करावे. आपल्या राज्याच्या मोक्का कायद्यातही फाशी आहे. राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदासुद्धा संसदेला नंतरच्या कायद्याने बदलता येतो, तशी तरतूद अनुच्छेद २५४ मध्ये आहे. कायदा लागू होण्याच्या दिवशी ज्यांच्या डोक्यावर फाशी आहे त्या सर्वांची शिक्षा आपोआप बदलली पाहिजे, त्यासाठी प्रत्येकाला वेगळा अर्ज करायला लावू नये.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज सभागृहात हमखास पुढे येईल. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. अशा गुन्ह्यांत चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. शिवाय २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केले आहे की फाशीऐवजी, अमुक वर्षांपर्यंत किंवा मरेपर्यंत सूट मिळणार नाही अशी जन्मठेप उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय देऊ शकते. म्हणजे समाजाला धोकादायक माणसापासून दूर ठेवण्याचा मार्ग आजच उपलब्ध आहे. व्यक्तिशः मला सुटकेची कोणतीच आशा न ठेवणारी शिक्षाही फारशी पटत नाही, आणि पंचवीस वर्षांनंतर एकदा तरी न्यायिक फेरतपासणी व्हावी असे वाटते. परंतु त्या मुद्द्यावर विधेयक अडणार असेल तर तो तूर्त सोडून द्यायला माझी हरकत नाही. तुरुंगात असलेल्या माणसाची फाइल निदान पुन्हा उघडता येते.

खाजगी सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारच्या दुपारचे अडीच तास मिळतात, बाके रिकामी असतात आणि ती विधेयके संमत होत नाहीत, हे मला माहीत आहे. अशा मार्गाने झालेला शेवटचा कायदा १९७० सालचा आहे. योगायोग असा की तो सर्वोच्च न्यायालयाचे फौजदारी अपिलाचे अधिकार वाढवणारा आहे : उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांचा कारावास दिला, तर आरोपीला थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क त्याने दिला. तो कायदा आजही माझ्या कामी येतो. सरकारनेच विधेयक आणावे यासाठी आपण दबाव आणलात तर उत्तमच. नाहीतर शुक्रवारची ती दुपार तरी वापरावी.

वर सांगितलेल्या तरतुदींचा कच्चा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. आपल्यापैकी जे सदस्य तो मागतील त्यांच्या मतदारसंघातील कार्यालयात मी स्वतः आणून देईन आणि शंका असतील तर बसून बोलेन. एरवी कोर्ट असते, त्यामुळे दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारची वेळ द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातील एक वकील